उत्तर ध्रुवावर फुग्यातून जाऊ इच्छिणाऱ्यांस

जहाजं बर्फात अडकतात, घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना रोज खायला घालावं लागतं. तेव्हा ध्रुव गाठायचा तर हायड्रोजनच्या फुग्यातूनच. कित्ता स्वीडनच्या सालोमन आंद्रे यांचा गिरवा. गृहस्थ पेटंट ऑफिसात इंजिनिअर; कागदावर चाललं की आकाशात चाललंच!

आधी पैसे जमवा. आल्फ्रेड नोबेल आणि खुद्द राजेसाहेब ऑस्कर यांच्याकडून देणगी घ्या. एकदा राजानं पावती फाडली की माघार घ्यायची सोयच उरत नाही.

फुगा तर वारा नेईल तिकडे जाणार, मग वळवणार कसा, असं कुणीतरी शहाणा विचारेलच. सांगा, दोरानं. जाडजूड दोर बर्फावरून फरफटत न्यायचे, म्हणजे फुगा वाऱ्यापेक्षा हळू चालतो आणि शीड लावून थोडा वळवता येतो. अडकलेला दोर झटकन सोडवता यावा म्हणून मध्ये स्क्रूचे जोडही ठेवा. ११ जुलै १८९७ रोजी आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गनजवळच्या डान्सकोया बेटावरून आंद्रे उडाले आणि हे जोड पीळ बसून आपोआप सुटले. सुमारे ५३० किलो दोर, म्हणजे अख्खं सुकाणू, मागेच राहिलं. फुग्याखालचा माणसांचा पाळणा पाण्याला टेकला म्हणून वरून २१० किलो वाळूही ओतून दिली. हलका झालेला फुगा ७०० मीटर वर गेला. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे हायड्रोजन अधिकच उत्साहानं बाहेर पडतो.

गळतीचं मनावर घेऊ नका. फुग्याचं रेशीम शिवायचं म्हटलं की सुईची भोकं पडायचीच. आदल्या वर्षीच्या फसलेल्या मोहिमेत नील्स एकहोम नावाच्या सोबत्यानं ही गळती मोजत बसण्याचा करंटेपणा केला. आंद्रे गुपचूप गॅस भरून घेतात, हे कळल्यावर तर तो मोहिमेतूनच बाहेर पडला. अशांच्या जागी तरुण, धडधाकट माणूस घ्यावा. फुगा पॅरिसहून थेट बेटावर मागवावा. चाचणी घेतली तर उगाच काहीतरी कळतं.

स्वयंपाकाची व्यवस्था मात्र खरोखर नामी होती. हायड्रोजनखाली स्टोव्ह पेटवणं बरं नव्हे, म्हणून तो पाळण्याखाली आठ मीटरवर लोंबता ठेवायचा आणि वरूनच पेटवायचा. एवढी अक्कल शिवणीकडे वळली असती तर!

१४ जुलैला फुगा बर्फावर बसेल. मग २०० किलोंपर्यंत भरलेल्या घसरगाड्या ओढत चाला. तुम्ही पूर्वेकडे चालाल, पायाखालचा बर्फ पश्चिमेकडे वाहील. अस्वलं मारून खा, फोटो काढा. ऑक्टोबरात क्वितोया बेटावर पोहोचून मरा आणि १९३० पर्यंत कुणाला सापडू नका. तेहतीस वर्षांनी फिल्म धुतली जाते, स्टॉकहोममध्ये भव्य अंत्ययात्रा निघते आणि शिवणीचा हिशोब त्या दिवशी कुणीही मागत नाही.

एकहोमसारखे आकडे मोजत बसलात, तर फार तर हवामान खात्याचे प्रमुख व्हाल.