मासा ‘मुळातच रोगट’ होता का?

खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय: मीठ विरघळून पाणी नितळ झालं की दुसऱ्या दिवशी मासे सोडा, त्याआधी पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगवा, एवढं करूनही मासा मेला तर तो मुळातच रोगट होता.

पाणी नितळ असण्याचा इथे काही संबंध नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात येणारा विषारी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडकांवर, फिल्टरमध्ये रुजायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात. आणि गोड्या पाण्याचा अनुभव इथे दगा देतो, कारण समुद्री पाण्याचा पीएच 8.2च्या आसपास असतो आणि पीएच जितका चढा, तितका अमोनियाचा विषारी वाटा जास्त.

आता पिशवी. तरंगवल्याने फक्त तापमान जुळतं, खारटपणा नाही. परजीवी कमी राहावेत म्हणून काही विक्रेते खारटपणा कमी ठेवतात: घरी विशिष्ट गुरुत्व (खारटपणा मोजायचं माप) 1.025, पिशवीत कदाचित 1.019. कमी खारटपणाकडे जाणं माशाला बऱ्यापैकी झेपतं. उलट्या दिशेची उडी मात्र महागात पडते.

मग खारटपणा जुळवायला पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी तासन्‌तास थेंब थेंब सोडायचं? लांबून आलेल्या माशाला हा लाड मारक ठरू शकतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, म्हणून साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळू लागतो. त्यापेक्षा विक्रेत्याला खारटपणा आधीच विचारा, वेगळ्या टाकीत तेवढाच ठेवा, तापमान जुळलं की पिशवी उघडून मासा लगेच उचला आणि तिथे सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. पुढे काही दिवसांत खारटपणा हळूहळू वाढवा.

‘रोगट मासा’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. व्हेल्व्हेट हा परजीवी बहुधा आधी कल्ल्यांत शिरतो; अंगावर भुकटीसारखा थर दिसेपर्यंत मासा धापा टाकत असतो. त्यावर तांबं चालतं, पण प्रवाळ आणि कोळंबी असलेल्या टाकीत ते घालता येत नाही. मासा थेट तिथेच सोडला असेल, तर औषध हाताशी असून उपयोग शून्य.

राहता राहिली ती ‘टाकी तयार करायला आधी डॅमसेल (एक छोटा, काटक समुद्री मासा) सोडा’ ही त्या सल्ल्याची पुरवणी. डॅमसेल सहसा तगतो, टाकीवर हक्क सांगतो आणि नंतर येणाऱ्याचे पर कुरतडतो. अशा वेळी पाण्याच्या सगळ्या चाचण्या ठीक येतात आणि नवा मासा हीटरमागे दडून उपाशी मरतो.