पहिलाच क्विल्ट, आणि तोही लोन स्टार

माझ्या धाकट्या जावेने तिचा पहिला क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेली थरांची गोधडी, पूर्ण केला. उशीचा अभ्रा नाही, टेबलावरची मॅट नाही. थेट डबल बेडवर अंथरता येईल एवढा लोन स्टार, गोट लावून, चारही कोपरे नीट दुमडून. मला तिचा फार अभिमान वाटतोय. आणि त्या निमित्ताने, बरीच वर्षं मनात असलेलं एक मत इथे मांडते आहे. नवीन शिकणाऱ्या माणसाला "आधी काहीतरी लहान कर" असं सांगणं आपण थांबवायला हवं.

तिलाही हेच सांगण्यात आलं होतं. ज्या बाईंकडे ती शिकायला गेली, त्या म्हणाल्या की लोन स्टार चार-पाच क्विल्ट झाल्यावर करायचा असतो. मी ऐकलं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, तुला हाच आवडलाय ना? मग हाच कर.

ज्यांना हा नमुना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मधोमध एकच मोठा तारा, आठ टोकांचा. प्रत्येक टोक म्हणजे एक मोठी शंकरपाळी, आणि ती लहान लहान शंकरपाळ्यांची बनलेली. सहा रांगांचा तारा असेल तर एका टोकात छत्तीस तुकडे, आठ टोकांत २८८. आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण हे तुकडे कोणी सुटे कापत बसत नाही. लांब पट्ट्या पायरीपायरीने सरकवून एकमेकींना जोडायच्या, आणि त्या जोडलेल्या कापडातून ४५ अंशांत तिरके काप घ्यायचे. एका कापात सहा शंकरपाळ्या जोडलेल्याच हातात येतात. पूर्वी साचा ठेवून, एकेक तुकडा आखून, कात्रीने कापून हे होत असे. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये गोल पात्याचा रोटरी कटर आणला, त्यानंतर हे काम पार बदललं. "अवघड" हा शिक्का मात्र त्या जुन्या काळातला आहे आणि तो अजून पुसला गेलेला नाही.

माझं खरं म्हणणं याच्याही पुढचं आहे. लहान वस्तू अचूकपणा शिकवतच नाही. चार चौकोन जोडायचे असतील तर शिलाईची माया, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेली कापडाची कड, थोडी इकडेतिकडे झाली तरी काही बिघडत नाही. चूक दिसतच नाही, म्हणून नजरही तयार होत नाही. क्विल्टमध्ये माया पाव इंच असते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने जरी जास्त गेली, तर जोडाच्या दोन्ही बाजूंनी तेवढं कापड जातं, म्हणजे एका जोडामागे इंचाचा आठवा भाग. सहा पट्ट्यांत पाच जोड, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त कापड गायब! हे मॅट शिवताना कधीच कळणार नाही. मोठ्या ताऱ्यात पहिल्या दोन रांगा शेजारी ठेवल्या की लगेच कळतं. त्यानंतर पुढे शेकडो जोड उरलेले असतात, सराव करायला. जाऊबाईंच्या पहिल्या टोकाची शिलाई आणि आठव्या टोकाची शिलाई शेजारी ठेवून पाहा, दोन वेगळ्या माणसांनी शिवल्यासारखी दिसते. तिचा सराव त्या क्विल्टच्या आतच झाला.

दुसरी गोष्ट उरेबाची. ४५ अंशांत कापलेली कड उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरकी असते, हातात धरली तरी ताणली जाते. म्हणून कापण्याआधी कापडाला चांगली खळ द्यायची. इस्त्री ओढत न्यायची नाही; उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. कडा ताणल्या गेल्या की आठ टोकं मधोमध जोडल्यावर तारा सपाट बसत नाही, तंबूसारखा वर येतो. एका संध्याकाळी तिचा फोन आला, "ताई, मध्यावर फुगतंय." मी जाऊन पाहिलं. अर्धे अर्धे तारे तयार होते, फक्त मधली लांब शिलाई राहिली होती. आम्ही मध्यबिंदूला टाचणी रोवली, मग एकेक जोड समोरच्या जोडाला भिडवून टाचण्या लावल्या, आणि शिलाई टोकांकडून न घालता मध्यापासून बाहेर घातली. सपाट बसला. हे ज्ञान तिला कुठल्याही अभ्र्याने दिलं नसतं.

आणि एक फार कामाची गोष्ट, जी नमुन्याच्या कागदावर बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते. पार्श्वभूमीचे चार चौकोन आणि चार त्रिकोण आधी कापून ठेवू नका. तारा शिवून झाला की त्याच्या टोकाची बाजू मोजा आणि त्या मापाने कापा. अडीच इंचांच्या पट्ट्या आणि सहा रांगा धरल्या तर हिशेबाने तारा साधारण ५८ इंचांचा होतो, पण तुमचा ५७ झाला असेल तर चौकोनही त्याच तोलाचे हवेत. सगळीकडे सारखी असलेली चूक ही चूक राहत नाही, तो त्या क्विल्टचा स्वतःचा आकार होतो.

सगळ्यात जास्त कौतुक मला याच्या पुढच्या टप्प्याचं आहे. वरचा थर शिवून झाला की माणसाला वाटतं, झालं. रंग दिसले, तारा दिसला, फोटो काढला. मग तो थर घडी घालून कपाटात जातो आणि तिथेच राहतो. मला अशी कितीतरी कपाटं माहीत आहेत. कारण आता उरलेलं काम कंटाळवाणं आणि अंगमेहनतीचं असतं. जमिनीवर अस्तर ताणून चिकटवायचं, त्यावर बॅटिंग म्हणजे मधला मऊ थर, त्यावर तारा, आणि गुडघ्यांवर बसून थोड्या थोड्या अंतरावर कच्चे टाके घालत जायचं. मग तो सगळा गठ्ठा गुंडाळून घरगुती मशीनच्या अरुंद गळ्यातून ढकलायचा, मध्यापासून कडेकडे, म्हणजे झोळ आत अडकत नाही. खांदे भरून येतात. तिने मशीनवर फक्त जोडांच्या रेषेत टिपा मारल्या आणि पार्श्वभूमीच्या चौकोनांत हाताने धावदोरा घातला. मला तो धावदोरा ताऱ्याइतकाच आवडला. टाके सगळे एका मापाचे नाहीत, आणि मला ते तसेच हवे आहेत.

लोक विचारतात, अर्धवट राहिला असता तर? राहिला असता तर राहिला असता. पण माझा अनुभव असा आहे की अर्धवट राहतात त्या आवड नसलेल्या गोष्टी. जी मॅट तुम्हाला नकोच आहे, ती पूर्ण करायला तुम्ही रात्री दिवा लावून बसणार नाही. आवडलेल्या ताऱ्यासाठी बसाल. शिकवणाऱ्यांनी अवघडपणाच्या पायऱ्या आखण्याऐवजी समोरच्याला विचारावं, तुला काय पाहायचंय तुझ्या पलंगावर? आणि मग त्याच वाटेवर त्याच्यासोबत थांबावं, मधला भाग फुगला की जाऊन टाचण्या लावाव्यात.

आता ती डबल वेडिंग रिंग करणार म्हणते आहे. एकमेकांत अडकलेली वर्तुळं, मुख्य जोड वक्र. मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. गडद लाल घेणार असशील तर आधी धुऊन रंग जातो का बघ. आणि कड नागमोडी ठेवणार असशील तर सरळ पट्टीचा गोट बसणार नाही, तो उरेबच काप.