भजनी मंडळातून माणूस काढायला सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात आईच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश आला. कैदी टाळ-पखवाज घेऊन बसल्याचे छायाचित्र आणि खाली चार विधाने : आपल्या कराच्या पैशांवर गुन्हेगारांची करमणूक चालली आहे, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, तेव्हा एकदा आत गेलेला पुन्हा आत जाणारच, सुधारणेची ही थेरे परदेशातून आली आहेत, म्हणून सुटून आलेल्याला खोली, काम किंवा मंडळात जागा देऊ नका. त्याच मंडळात शिक्षा भोगून आलेले एक गृहस्थ तीन वर्षे पखवाज वाजवत आहेत. संदेश वाचून दोघांनी त्यांना ‘काही दिवस येऊ नका’ असे कळवले आणि आईने मला विचारले, ‘यात खरे किती?’

परदेशाचा मुद्दा आधी संपवतो. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर १९३९ साली औंध संस्थानात वसले. तेथे कैदी उंच भिंतींविना, आपल्या कुटुंबासह राहून शेती करू लागले. कल्पना मांडणारे मॉरिस फ्रीडमन मूळचे पोलंडचे, हे खरे. परंतु जमीन आणि भरवसा औंधच्या पंतप्रतिनिधींचा होता, आणि वसाहत आजही आहे. कराच्या पैशांविषयी एवढेच म्हणतो की पुन्हा गुन्हा घडला तर पोलीस, न्यायालय आणि तुरुंग हा सारा खर्च आपल्यालाच पुन्हा करावा लागतो. पखवाजाला लागणारा पैसा त्यापुढे नगण्य आहे.

‘एकदा आत गेलेला’ हे शब्द तपासून पाहावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतील तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. या सर्वांना वाकडे शेपूट म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. कोणताच उपाय उपयोगी पडत नाही हे मतही जुनेच आहे. रॉबर्ट मार्टिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९७४ च्या लेखावरून ते दूरवर पसरले. १९७९ मध्ये त्यांनी स्वतःच ते मागे घेतले, पण माघार तितकी पसरली नाही.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. केवळ भजन किंवा नाटक शिकवल्याने गुन्हे थांबतात, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. अशा उपक्रमांत मुळात बदलू इच्छिणारेच पुढे येतात, त्यामुळे श्रेय कलेचे किती आणि त्यांच्या इच्छेचे किती, हे वेगळे काढणे कठीण असते. कोलकात्याच्या तुरुंगात अलोकानंदा रॉय यांनी बंदिजनांकडून रवींद्रनाथांचे ‘वाल्मीकि-प्रतिभा’ बसवून घेतले. त्यात भूमिका करणाऱ्या नायजेल अक्कारा यांनी सुटल्यावर साफसफाईची सेवा देणारी कंपनी काढली आणि सुटून आलेल्या इतरांना तेथे काम दिले. हे उदाहरण मला मोलाचे वाटते, तरी एका माणसावरून नियम बांधता येत नाही.

चौथे विधान मात्र घातक आहे, कारण ज्या गोष्टीची ते भीती घालते तीच घडवून आणते. मिनेसोटा या अमेरिकी राज्याच्या तुरुंग विभागाने २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,४२० जणांचा मागोवा घेतला. तुरुंगात असताना ज्यांना भेटायला कोणीतरी आले होते, त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यासाठी शिक्षा होण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी आढळला. कोण भेटले यानेही फरक पडत होता : भावंडे, वडील, सासरची माणसे आणि धर्मोपदेशक यांच्या भेटी सर्वाधिक उपयोगी ठरल्या, तर घटस्फोटित जोडीदाराच्या भेटींनी धोका वाढला. म्हणजे कोणतीही ओळख चालते असे नाही. माणसाला धरून ठेवणारी ओळख लागते.

मंडळ नेमके हेच काम करते. गुरुवारी आठला बसायचे, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, दुसऱ्याच्या गळ्याला साथ द्यायची, आणि एक दिवस चुकला तर दहा जण विचारतात, ‘बरे आहात ना?’ सुटून आलेल्या माणसाला ही विचारपूस कोणीतरी करणारच. आपण केली नाही तर जुने साथीदार करतील. त्यांच्याकडे खोलीही असते आणि कामही असते. दार लावून घेतल्याने गाव सुरक्षित होईल असे मानणाऱ्यांनी, तो माणूस त्या दारातून परतल्यावर कोठे जाईल, याचा विचार केलेला नाही. सावधगिरी मला समजते. मुलांवर अत्याचार केलेल्याच्या हाती मुलांचे शिबिर देऊ नये, आणि ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांनी क्षमा करावी असे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु शिक्षा न्यायालयाने ठरवली, त्या गृहस्थांनी ती पूर्ण भोगली, आणि तीन वर्षांत त्यांच्याविषयी मंडळात एकही तक्रार आलेली नाही. त्यांना न येण्यास सांगण्यामागे त्या संदेशावाचून दुसरे कारण नाही.

हे सारे मी आईला मोठ्या अक्षरांत छापून दिले आहे. येत्या गुरुवारी ती ते मंडळात वाचून दाखवणार आहे, आणि त्याआधी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन त्यांना स्वतः बोलावणार आहे.