शीची बाटली आणि माझी मिजास

"भाऊजी, तुमच्याकडे सरकारला दुसरे उद्योग नाहीत का? लोकांची शी पोस्टानं मागवतं म्हणे!" व्हिडिओ कॉलवर मेव्हणा हसत म्हणाला आणि माझं टाळकं सरकलं. शीपेक्षा ते ‘तुमच्याकडे’ जास्त लागलं.

त्याचं म्हणणं, काही होत नसताना तपासायचं कशाला? आणि तपासायचंच तर सरळ कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून तपासणी, करून मोकळं व्हावं, ही अर्धवट भानगड कशाला?

मग मी सुरू झालो. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचं पाकीट येतं. झाकणाला जोडलेली काडी शीवरून ओढायची, तिच्या खाचा भरल्या की बाटलीत घालून झाकण टक्‌ असं बसवायचं, तारीख लिहायची, टपालपेटीत टाकायची. तीन वेळच्या शीचे नमुने कार्डावर सारवायचा जुना प्रकार २०१९ मध्ये गेला. आताची ‘फिट’ चाचणी डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते, तेही फक्त माणसाचं. आतड्यातली गाठ बराच काळ दुखत-खुपत नाही, मग ‘काही होण्याची’ वाट कसली बघतोस? आणि सरसकट कोलोनोस्कोपी म्हणशील, तर जुलाबाचं औषध पिऊन संडासात मुक्काम ठोकायला किती जण तयार होतील? भारतात सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. आतडं यादीतच नाही!

भारतात हा कर्करोग इथल्या मानानं बराच कमी आहे, म्हणून यादी तशी आहे, हे मला ठाऊक होतं. बोललो नाही.

आणखीही एक गिळलं. ‘फिट’ आली तेव्हा इथं कोलोनोस्कोपीला बोलावण्याची रेषा आखली ती एक ग्रॅम शीत १२० मायक्रोग्रॅम, रक्तातल्या हिमोग्लोबिनची. तेव्हा ११९ आलं तर घरी पत्र यायचं, ‘सध्या पुढील तपासणीची गरज नाही’. तोच माणूस तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेला तर १० लाच तातडीनं पुढे पाठवतात. कारण कोलोनोस्कोपी करणारे हात पुरत नाहीत. रेषा आतड्यानं नाही, रांगेनं ठरवली. पण हे मेव्हण्याला सांगून माझीच बाजू कोण पाडणार?

आणि माझं स्वतःचं पहिलं पाकीट? बाथरूमच्या कपाटात टॉवेलांखाली दडवलं होतं. स्मरणपत्र आलं तेव्हा हललो. तिकडे रेशनकार्डावरून माझं नाव कधीच गेलं, मतदारयादीतूनही गेलं. इथं माझा वाढदिवस मोजून कुणीतरी पत्र धाडतं. शी का मागेना, नाव घेऊन मागतं. एवढ्यावर मी तासभर भांडू शकतो, हे माझं मलाच विचित्र वाटतं.

"बरं, ती बाटली इकडे मिळते का?" तो मध्येच म्हणाला. "मला अधूनमधून रक्त पडतं. मूळव्याधच आहे, पण..."

"कधीपासून?"

"सहा-सात महिने झाले असतील."

माझं व्याख्यान तिथंच थांबलं. ही टपालानं येणारी बाटली ज्यांना तक्रार नाही त्यांच्यासाठी. रक्त दिसतंय त्यानं बाटली शोधत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. मूळव्याध आहे की आणखी काही, ते त्यांनी तपासून ठरवायचं. अर्धा तास मी मायक्रोग्रॅम ऐकवत होतो आणि ‘तुझं कसं आहे’ एवढं विचारलं नव्हतं.

"ताईला सांगू नका," तो हळूच म्हणाला.

ताई माझ्या खुर्चीमागेच उभी होती. "फोन दे इकडे," ती मला म्हणाली.