ब्योमकेशला अजित होता, आपल्या पीआय साहेबांना रायटर आहे

डिटेक्टिव्ह कादंबरीमालेवरून सिरीज करायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष खुनावर जातं. खून कुठलाही चालतो हो. इंग्लंडातला उचलून लातूरला आणला तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. तपास मात्र असा उचलून आणता येत नाही, तो ज्या त्या मातीतलाच लागतो. आणि कादंबरीची पटकथा होताना पहिली कात्री त्यालाच लागते.

पानांचा हिशोब हे त्याचं एक कारण. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. पाऊण तासाचे आठ भाग म्हणजे साडेतीनशेवर पानं. एवढ्याला एक कादंबरी बहुधा पुरत नाही, म्हणून मध्ये पीआयचा (पोलीस निरीक्षकाचा) घटस्फोट, मुलीचं व्यसन वगैरे भराव घातला जातो. अमेरिकेतल्या 'बॉश' सिरीजवाल्यांनी (२०१४) पहिल्या सीझनला मायकेल कॉनेलीच्या तीन कादंबऱ्या एकत्र विणल्या. पुस्तकातला डिटेक्टिव्ह बॉश १९५० चा जन्म आणि व्हिएतनाम युद्धातला सैनिक. पडद्यावर ते वय जमेना, म्हणून त्याचं युद्धच बदललं. १९८७ ला सुरू झालेल्या ब्रिटिश 'इन्स्पेक्टर मॉर्स'ची वाट सरळ होती, प्रत्येक गोष्टीला पावणेदोन तासांच्या आसपासचा एक अख्खा चित्रपट. आपल्याकडे बासू चटर्जींनी १९९३ ला दूरदर्शनवर 'ब्योमकेश बक्षी' आणला. त्यात बऱ्याच कथा एका भागात संपायच्या, कारण मूळ लेखक शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ऐवज मुळात कथांचा. भराव घालायची वेळच आली नाही.

खरी अडचण निवेदकाची आहे. कथेत ब्योमकेशचा मित्र अजित सांगतो, म्हणून अजितला न दिसलेलं आपल्यालाही दिसत नाही. कॅमेरा आला की अजित नुसता शेजारी बसून चहा पिणारा माणूस उरतो. (के. के. रैनांनी तो तरीही जिवंत ठेवला, हे त्यांचं कसब.) मराठवाड्यात सिरीज करणाऱ्यांना या अडचणीवरचं उत्तर प्रत्येक ठाण्यात टेबलामागं बसलेलं सापडेल. तपासी अधिकाऱ्याचा रायटर! पंचनामा त्याच्या अक्षरात, जबाब त्याच्या अक्षरात, केस डायरीही बहुतेक त्याच्याच हातची. साहेब बदलून जातात, कागद त्याला पाठ असतो. आपल्या सिरीजमध्ये तो आला तर विनोदाला येतो, ढेरी आणि पानाची पिंक घेऊन. हे दळभद्री आहे.

समजा विहिरीत प्रेत सापडलं. पोलीस पाटील ठाण्याला कळवतो, आधी नोंद होते ती आकस्मिक मृत्यूची. पूर्वी कलम १७४ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं १९४. खुनाचं ३०२ जाऊन १०३ आलं, पण गोष्ट २०१९ मधली असेल तर पात्राच्या तोंडी ३०२ च पाहिजे. मग पंच बोलावून इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताचा पंचनामा: डोकं कोणत्या दिशेला, अंगावर काय, जखमा कुठं. पुढं पीएम, म्हणजे शवविच्छेदन. बीड जिल्ह्याच्या त्या टोकाला असाल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय. डॉक्टर 'व्हिसेरा राखून ठेवला' असं लिहितात, पेपरातही तेच छापून येतं, पण राखतात म्हणजे काय ते पडद्यावर सहसा येत नाही. जठर आणि त्यातलं अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. बरणीत मिठाचं संपृक्त द्रावण. बरणी गच्च भरायची नसते, दोन तृतीयांशच. कुजताना वायू होतो, झाकण उडतं, सील तुटतं आणि कोर्टात केसही तुटते. बुडून मेला की मेल्यावर टाकला हे ठरवायला हाडातल्या मज्जेत डायटम, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, शोधतात. त्यासाठी त्याच विहिरीच्या पाण्याचा नमुना सोबत लागतो. तो घ्यायला विसरले तर ताडून बघणार कशाशी? ही एक विसरलेली बाटली अख्खा भाग ओढून नेईल. सिरीजवाले मात्र रात्री बरणी पाठवून सकाळी रिपोर्ट आणतात. इथं बरणी हवालदाराच्या मांडीवर बसून संभाजीनगरच्या नाहीतर नांदेडच्या लॅबला जाते आणि रिपोर्टाला महिने लागतात.

सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात जमवून हेरानं गुन्हा वदवून घ्यायचा, हा शेवट इंग्रजी कादंबरीत शोभतो. आपल्या कोर्टात पोलिसासमोर दिलेल्या कबुलीला किंमत नाही. किंमत आहे ती आरोपीच्या सांगण्यावरून निघालेल्या वस्तूला. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, ठाण्यात अजूनही तेच नाव चालतं. दोन पंचांसमोर आरोपी सांगतो, 'कोयता कडब्याच्या गंजीत ठेवला, काढून देतो.' त्याचा मेमोरंडम होतो, मग सगळी वरात शेतात. पुढं दोन वर्षांनी पंच साक्षीला उभा राहून म्हणतो की सह्या ठाण्यातच घेतल्या. पंच फितूर. यापेक्षा मोठा क्लायमॅक्स कुठला पाहिजे? आणि कृपा करून साक्षीदाराला पोलीस जबाबावर सही करताना दाखवू नका. त्यावर सही घेतच नाहीत, कायद्यातच तसं आहे.

सीझनचा कणा म्हणून मला नव्वद दिवसच दिसतात. खुनाच्या केसमध्ये पहिल्या रिमांडपासून ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. लॅबचा रिपोर्ट पुरवणी दोषारोपपत्रात देता येतो, मुख्य साक्षीदाराशिवाय मात्र दोषारोपपत्र लंगडं पडतं. आता खून दसऱ्याच्या तोंडावर ठेवा. ज्या बाईनं रात्री बॅटरीचा उजेड पाहिला, ती मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या कोयत्यातली, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायको जोडीतली. टोळी ट्रॅक्टरवर बसून बेळगाव नाहीतर कोल्हापूरकडं गेली, परत येणार गुढीपाडव्याच्या आसपास. नव्वद दिवस त्याच्या आधीच संपतात. रायटरनं फडावर जाऊन तिला गाठायचं, आणि ती फिरू नये म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर जबाब करायचा. त्यासाठी तिची एक दिवसाची मजुरी बुडते, मुकादम सोडत नाही. टॉवर लोकेशनवर भागवतो म्हणाल तर ग्रामीण टॉवर कैक गावांना मिळून एकच असतो. आरोपी, मयत, साक्षीदार तिघंही एकाच टॉवरखाली.

भाषेचं एक गमतीशीर सांगायचं राहिलं. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही, तिथं खुनी आरामात लपतो. हिंदीत 'आया' की 'आयी' ठरवावंच लागतं. मराठीला नपुंसकलिंग आहे, 'कुणीतरी आत आलं' म्हणा, काम झालं. 'कुणीतरी दार उघडलं' यात तर प्रश्नच नाही, क्रियापद दाराच्या मागं जातं. एवढं हत्यार हातात असून आपले निवेदक दुसऱ्याच भागात 'तो आला' म्हणून मोकळे होतात.

बोलीही जिल्ह्याप्रमाणं ठेवा. लातूरकडचा 'काय करूलालास' म्हणेल, बीड-जालन्याचा 'कामून' म्हणेल. सगळ्यांना एकच सरसकट गावरान दिलं की गाव कुठलंच राहत नाही. रायटरला दोन भाषा द्या, तोंडात घरची आणि कागदावर ठाण्याची. पहिला सीन विहिरीच्या कठड्यावरच घ्या. म्हातारा पंच विचारतो, "कामून टाकलं आसंल वो हिरीत?" रायटर मान वर न करता लिहितो: 'मयतास विहिरीत टाकण्याचे कारण पंचांस समजून येत नाही.'