‘थोडे कमी म्हणजे काहीच नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी बनवतात ते कॉर्टिसॉल हे हार्मोन, म्हणजे ताणात आणि आजारपणात शरीराला तगवणारे द्रव्य, थोडे कमी असण्यावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे: अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकतात हे थोतांड आहे, कॉर्टिसॉल थोडे कमी असणे म्हणजे काहीच नसते, मे महिन्यात खानदेशात कोणालाही चक्कर येते, मीठ वाढवण्याबद्दलचे माझे वाक्य धोक्याचे आहे, आणि ‘घरी बसून चार गोष्टी वाचलेल्या बाईंनी डॉक्टरकी करू नये.’ लेख लांबला, तपासण्या महाग असतात आणि अश्वगंधाचा उल्लेख नाही, हेही आपण जाता जाता सुनावले आहे.

डॉक्टरकीच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण आपला सगळा आवेश त्यातच उतरला आहे. लेखात मी कोणालाही औषध सुचवलेले नाही. निदान एंडोक्रायनॉलॉजिस्टकडूनच, म्हणजे हार्मोनच्या विकारांच्या तज्ज्ञाकडूनच, करून घ्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ते आपण वाचले असते तर हे वाक्य लिहिण्याची वेळ आली नसती. हाच लेख एखाद्या पुरुषाच्या नावाने आला असता तर आपण त्याच्या घरी बसण्याचा उल्लेख केला असता का, हा प्रश्न मी आपल्यावरच सोपवते. ज्या मुलीने आईच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या, तिला उभे करताना दर वेळी मागे हात धरला आणि मिळेल तो कागद समजावून घेतला, तिचे वाचन ‘चार गोष्टी’ म्हणून झटकणे असभ्य आहे.

मिठाचा मुद्दा मात्र मान्य करते. ज्यांना उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी आपल्या मनाने मीठ वाढवू नये, हे त्याच परिच्छेदात लिहिलेले बरे होते. ते वाक्य आता मी जोडले आहे.

अ‍ॅड्रिनल थकव्याबद्दल आपण जे मला शिकवू पाहता, ते माझ्याच लेखात आहे. ही कल्पना १९९८ मध्ये अमेरिकेतील जेम्स विल्सन यांनी पुढे आणली आणि २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी उपलब्ध अभ्यास तपासून तिला आधार नसल्याचे दाखवून दिले. मी त्या थकव्याची बाजू घेतलेली नाही. मी लिहिले ते अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या खऱ्या, मोजता येणाऱ्या पण अर्धवट कमतरतेबद्दल. एक गोष्ट खोटी आहे म्हणून शेजारची खरी गोष्टही खोटी ठरवायची, ही घाई आपण केली आहे.

आता ज्या एका वाक्यामुळे हे उत्तर लिहावे लागले, त्याकडे येते. ‘कॉर्टिसॉल थोडे कमी असणे म्हणजे काहीच नसते.’ हे आपण कशाच्या आधारावर लिहिले? कॉर्टिसॉल दिवसभर सारखे नसते. पहाटे ते वाढू लागते, सकाळी आठच्या सुमारास भरपूर असते आणि मध्यरात्रीकडे तळाला जाते. म्हणून सकाळच्या रक्तात ते ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली आले तर कमतरता जवळजवळ नक्की धरतात, १५ ते १८ च्या वर आले तर ती शक्यता बहुधा सोडून देतात, आणि मधल्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. ‘थोडे कमी’ म्हणतात ते नेमके या मधल्या पट्ट्यात बसते. तिथे ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायला लावणाऱ्या एसीटीएच या हार्मोनचे २५० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन देऊन अर्ध्या तासाने आणि तासाने पुन्हा रक्त तपासतात, म्हणजे ग्रंथी गरजेच्या वेळी किती हार्मोन देऊ शकते ते कळते. सकाळी विहिरीत पाणी दिसले म्हणून कोणी तिच्या भरवशावर केळी लावत नाही. मोटार चालवून ती किती टिकते, ते आधी पाहतात. ग्रंथींचा फार मोठा भाग निकामी होईपर्यंत विश्रांतीच्या वेळचा आकडा बरा दिसू शकतो, आणि ताप, शस्त्रक्रिया किंवा जुलाब-उलट्यांचा एक दिवस माणसाला थेट अत्यवस्थ करतो.

माझी आई रावेर तालुक्यात केळीच्या बागांत कामाला जात असे. तरुणपणी तिला क्षयरोग झाला होता आणि औषधे पूर्ण करून ती बरी झाली होती. पुढे कधीतरी तिच्या तळहातांच्या रेषा आणि बोटांचे सांधे काळपट होऊ लागले. केळीचा चीक हाताला आणि लुगड्याला लागला की निघत नाही, म्हणून सगळे त्याला चीकच म्हणत. पण विळ्याने कापलेल्या बोटाचा व्रणही काळा झाला, आणि हिरड्यांवर निळसर डाग दिसू लागले. चीक हिरड्यांवर कसा चढेल? ती लोणच्याचा खार वाटीत घेऊन नुसता चाटायची, वजन उतरत होते, आणि अंथरुणातून उठताना भिंत धरायची. ज्या दवाखान्यात तिला नेत होतो तिथे सलाईन आणि शक्तीच्या गोळ्या मिळत. एकदा कॉर्टिसॉल तपासले तेव्हा ते ६.८ आले, छापील मर्यादेत बसत असल्याने अहवालावर साधी खूणही नव्हती, आणि ‘काहीच नसते’ हे आपण लिहिलेलेच शब्द आम्हाला ऐकवण्यात आले. त्यानंतर जुलाब-उलट्या झाल्या आणि तिचा रक्तदाब लागेना. सोडियम खूप खाली, पोटॅशियम वर. जळगावच्या ज्या डॉक्टरांनी तिला वाचवले, त्यांनी आधी तिचा तळहात उजेडात धरला आणि मग तोंड उघडायला सांगितले. पुढे केलेल्या इंजेक्शनच्या तपासणीत कॉर्टिसॉल ११ च्या वर गेलेच नाही. भाऊ, तुम्ही त्या रात्री तिथे नव्हता. ‘काहीच नसते’ हे तुम्ही खुर्चीत बसून लिहू शकता. मला ते वाचवत नाही.

हे एका आईचे उदाहरण झाले, असे आपण म्हणाल. थॉमस अ‍ॅडिसन या डॉक्टरांनी लंडनमध्ये १८५५ साली या कमतरतेच्या आजाराचे वर्णन केले, तेव्हा क्षयरोग हे त्याचे मोठे कारण होते आणि आपल्या देशात ते आजही संपलेले नाही. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन पिट्यूटरी ही मेंदूच्या तळाची, अ‍ॅड्रिनल ग्रंथींना हुकूम देणारी ग्रंथी दुखावलेल्या बायकांत, क्वचित घोणस चावून वाचलेल्या माणसांतही, हीच कमतरता कित्येक वर्षांनी उघडी पडते. तेव्हा त्वचा काळी पडत नाही, त्यामुळे ती आणखी लपते. याहून सर्रास कारण म्हणजे बाहेरून घेतलेले, कॉर्टिसॉलसारखेच काम करणारे स्टिरॉइड. गुडघेदुखीच्या आणि दम्याच्या बिननावाच्या पुड्यांनी चार दिवसांत बरे वाटते, कारण त्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले असते. ते महिनोन्‌महिने घेतले की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करते, आणि पुडी अचानक बंद केली की माणूस कोसळतो. अशा माणसाला ‘थोडे कमी म्हणजे काहीच नाही’ सांगणे घातक आहे.

उन्हाळ्यातली चक्कर सावलीत बसून पाणी प्यायल्यावर जाते. आईची श्रावणातही जात नव्हती. लेखाची लांबी, तपासण्यांचा खर्च आणि अश्वगंधा यांत उत्तर देण्याजोगे मला काही दिसत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. मात्र ती वाचून कोणी चालू असलेली गोळी सोडू नये, म्हणून तिच्या लगोलग खाली एवढे लिहून ठेवले आहे: निदान झालेल्या रुग्णाने कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी एकही दिवस चुकवू नये, ताप आल्यास डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मात्रा दुप्पट किंवा तिप्पट करावी, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जाऊन त्याच औषधाचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घ्यावे.