एकच तिकीट

आज भाच्याच्या मुलाच्या बारशात चारचौघींसमोर वहिनी मला म्हणाल्या, "वन्सं, या वयात एकटीनं कशाला नाटकं बघत हिंडायचं? घरात टीव्ही हाय की." सगळ्या हसल्या. मी काही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र राग आवरेना, म्हणून लिहिते आहे.

2018 च्या हिवाळ्यात आई गेली. तेरावे उरकून पाहुणे पांगले, आणि तिच्या औषधाचा गजर बंद करायचेही मला सुचले नाही. रोज रात्री नऊला तो रिकाम्या घरात वाजे. त्याच सुमारास एका संध्याकाळी इथे कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेतले नाटक होते. एकच तिकीट काढून मी मागच्या रांगेत बसले. म्हातारीचे काम करणारी मुलगी लुगड्याचे टोक हनुवटीखाली धरून घडी घालू लागली, अगदी आई घालायची तशी, आणि मला रडू कोसळले. शेजारच्या अनोळखी बाईंनी काही विचारले नाही. त्यांनी फक्त खुर्चीच्या हातावरचा आपला कोपर काढून घेतला आणि मला जागा करून दिली.

'मन रमवायला जाते' असे कोणी म्हटले की मला चीड येते. रमवायला भिशी आहे, सहली आहेत. नाटकात माझे दुःख मला दुसऱ्याच्या हातांत दिसते, आणि अंधारात कितीतरी माणसे माझ्याबरोबर गप्प बसून ते पाहतात. टीव्हीवरही कधीमधी चांगले लागते, हे मान्य. पण टीव्हीसमोर कोणी कोपर बाजूला घेत नाही.

शाहू महाराजांनी ज्या गावात खासबागेचे कुस्ती मैदान आणि त्याला लागूनच 1915 मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे हेच नाट्यगृह, उभे केले, त्या गावात एकट्या बाईने नाटकाला का जाते याचा खुलासा द्यावा?

8 ऑगस्ट 2024 ला, ज्यांचे नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते नाट्यगृह जळाले. मी रस्त्यावर उभी राहून पाहत होते. ती मागची रांग, त्या बाईंची खुर्ची, सगळे धुरात होते.

आता लिहिता लिहिता आठवले, त्या रात्री मला पहिला फोन वहिनींचाच आला होता. "वन्सं, तुमचं थेटर जळाय लागलंय ओ," म्हणाल्या, आणि पुढे त्यांनाच बोलवेना.